गद्धेगाळ ते राजपत्र : अंबरनाथच्या मंदिराभोवतीची सरकारी कुंपणे

१/ केंद्र संरक्षित स्मारकाच्या प्रवेशाशी पुरातत्त्व खात्याचा एक फलक उभा असतो. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे आणि त्याची नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल, एवढाच त्याचा मजकूर. शिल्पे पाहण्यास आलेला माणूस तो क्वचितच वाचतो. परंतु अंबरनाथचे शिवमंदिर आज दाट शहराच्या मधोमध उभे आहे, ते पुष्कळ अंशी अशाच रूक्ष ओळींच्या आधारावर. अशा ओळी लिहिण्याची उत्तर कोकणातील परंपरा हजार वर्षांची आहे.

२/ मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील. उत्तर दाराच्या आतील बाजूस तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असल्याचे दाखवले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी उतरले आणि त्याचा संबंध मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी या राजाशी निश्चित झाला.

३/ हा लेख म्हणजे देवाची स्तुती नव्हे. त्यात राजाच्या बिरुदांपाठोपाठ अमात्य, सांधिविग्रहिक, भांडागार सांभाळणारे अशा अधिकाऱ्यांची नावे येतात. सरकारी कागदावर खाली सह्या असाव्यात, तशी ही यादी आहे. मंदिराच्या बांधकामाची ती जणू दफ्तरी नोंदच.

४/ मुम्मुणीच्या आधी गादीवर असलेल्या छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा. त्यात षट्षष्टी अर्थात साष्टी प्रदेशातील एका शेताचे दान नोंदवले आहे. आजी व भावी अधिकारी, नगरजन आणि ग्रामजन यांना उद्देशून ‘तुम्हांस विदित असावे’ या अर्थाची घोषणा येते, शेताच्या चारही सीमा सांगितल्या जातात, आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्यास नरकवासाचे भय घातले जाते.

५/ ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी राही. रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी होता तो गद्धेगाळ : वर सूर्य-चंद्र, मध्ये आज्ञा, खाली गाढव आणि स्त्री यांचे विटंबनेचे शिल्प. आज्ञा मोडणाऱ्याच्या मातेची अशी गत होईल, हा त्याचा अर्थ. परळ येथील शके ११०८ च्या अपरादित्याच्या लेखात मजकूर संस्कृत आहे, पण शेवटची शिवी मराठीत. जी ओळ सर्वांना कळणे आवश्यक होते, तीच लोकभाषेत कोरली गेली. गुन्हा एकाचा आणि अप्रतिष्ठा त्याच्या आईची, ही त्या काळाची न्यायदृष्टीही त्या दगडात दिसते.

६/ घोषणा, सीमा आणि दंड ही या शासनांची तीन अंगे. आजची कोणतीही सरकारी अधिसूचना उघडली तर हीच तीन अंगे सापडतात. बदलले ते एवढेच की पापाच्या जागी कलम आले आणि सूर्य-चंद्रांच्या जागी राजमुद्रा.

७/ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी ही शिलाहार सत्ता संपवली. लेख वाचणारे उरले नाहीत. पांडवांनी एका रात्रीत मंदिर बांधावयास घेतले आणि उजाडल्यामुळे ते अपुरे राहिले, अशी कथा रूढ झाली. शिखराचा वरचा भाग नाही, याचे उत्तर लोकांनी असे शोधले. मंदिर टिकले ते महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे आणि पूजेमुळे. त्या शतकांत लिखित संरक्षण त्याला नव्हते.

८/ १८६८ मध्ये मुंबई सरकारने या मंदिराची रीतसर नोंद करावयाचे ठरवले. मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली रेखाटने झाली आणि शिल्पांचे साचे घेतले गेले. स्मारकाची काळजी म्हणजे तेव्हा त्याचे चित्र जपणे. मूळ दगडाला हात लावू नये, असा कायदा अजून व्हावयाचा होता.

९/ तो १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत आला : प्राचीन स्मारक संरक्षण अधिनियम. त्यातील कलम ३ लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. प्रांतिक सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून स्मारक ‘संरक्षित’ घोषित करावे. तिची प्रत स्मारकावर किंवा त्याच्या जवळ ठळक जागी लावावी. एक महिन्यात येणाऱ्या हरकतींचा विचार होईल, हेही त्या प्रतीबरोबर कळवावे.

१०/ अर्थात, दूर छापलेला कागद पुरेसा मानला गेला नाही, तो जागेवर लागणे आवश्यक ठरले. आणि गद्धेगाळात नसलेली एक गोष्ट प्रथमच आली : सामान्य माणसाला हरकत घेण्याचा हक्क. राजाच्या शासनाला उत्तर देण्याची सोय नव्हती. अधिसूचनेला मात्र ती आहे, निदान कागदावर.

११/ दंडाची कथा अधिक बोलकी आहे. १९०४ च्या कायद्यात स्मारकाची नासधूस करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होता. १९५८ चा नवा कायदा आला, तरी तीन महिने आणि ५,००० रुपये कायम राहिले. १९०४ मधली जबर रक्कम शतकभरात किरकोळ होऊन गेली. २०१० च्या दुरुस्तीने ती एक लाख रुपये आणि कैद दोन वर्षे अशी झाली.

१२/ स्वातंत्र्यानंतर संविधानाने वारशाची वाटणी केली. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत गेली, उरलेली राज्यसूचीत. म्हणून १९५८ चा अधिनियम केंद्राचा, तर १९६० चा महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र. अंबरनाथचे मंदिर केंद्राकडे आहे. ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याचे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. ते तसे नाही. त्याचे खरे कवच भारतीय कायद्याचे आहे.

१३/ याच काळात मंदिराभोवतीचा प्रदेश ओळखू येईनासा झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराची पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवले. छावणीची खूण ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ या नावांत आजही आहे.

१४/ अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आल्या, त्यांत रासायनिक कारखाने आले, लोकलने मुंबईला जाणाऱ्यांची वस्ती वाढली. १९८३ मध्ये ही दोन्ही गावे नव्या कल्याण महापालिकेत गेली आणि १९९२ मध्ये बाहेर पडून पुन्हा नगरपालिकांकडे आली. त्याच वर्षी १६ जून रोजी केंद्राने एक अधिसूचना काढली, जिचा परिणाम देशातील प्रत्येक संरक्षित स्मारकाच्या शेजाऱ्यांवर झाला.

१५/ तिने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत ‘प्रतिषिद्ध’ आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ‘विनियमित’ क्षेत्र ठरवले. २०१० मध्ये ही अंतरे थेट कायद्यात आली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. अंतर मंदिराच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीच्या रेषेपासून मोजतात. आतल्या पट्ट्यात नवे बांधकाम नाही, दुरुस्ती परवानगीनेच. बाहेरच्या पट्ट्यात बांधकामही परवानगीनेच.

१६/ या ३०० मीटरांत माणसे राहतात, हे विसरून चालत नाही. घराला खोली वाढवणेही ज्याला कायद्याने अशक्य होते, त्याच्या दृष्टीने वारसा ही शेजारची अडचण ठरते. यासाठीच २०१० च्या कायद्याने प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करण्यास सांगितले : उंची किती, दर्शनी भाग कसा, हे त्या त्या जागेचा विचार करून ठरावे.

१७/ आता सीमारेषेच्या पलीकडे. मंदिराला लागून वालधुनी वाहते. काकोळे गावाच्या परिसरातून ती येते. तेथेच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे. पुढे उल्हासनगर ओलांडून ती कल्याणकडे जाते. मंदिराची जागा नदीकाठची आहे, परंतु स्मारकाच्या कायद्याला वरून येणाऱ्या पाण्याची हद्द आखता येत नाही. दगड एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे.

१८/ १९०४ च्या कायद्यातही ‘प्रदूषण’ या अर्थाचा शब्द होता. पूजास्थान असलेल्या स्मारकाचे प्रदूषण व विटंबना यांपासून रक्षण करावे, असे त्यात म्हटले होते. परंतु त्याचा उपाय दिला होता तो रूढीने ज्यांना प्रवेश नाही त्यांना आत येऊ न देण्याचा. म्हणजे तेथे प्रदूषणाचा अर्थ विटाळ असा होता. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पाण्यातील रसायनांचा विचार मात्र नंतरच्या कायद्यांनी केला.

१९/ त्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा, तो राज्यात लागू झाला १९८१ मध्ये. एवढे कायदे असतानाही २९ नोव्हेंबर २०१४ रोजी उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रसायने सोडली गेली आणि विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये संबंधित संस्थांवर सुमारे ९५ कोटी रुपयांचा भार टाकला.

२०/ त्याच २०१५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचे धोरण मागे घेतले. २००० मध्ये आलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या या धोरणाने नद्यांचे वर्ग पाडून, नदीपासून किती अंतरावर कोणत्या प्रकारचे कारखाने येऊ शकतात, हे ठरवले होते. ते गेले आणि नदीकाठचे ते अंतरही गेले. मंदिराचे १०० मीटर मात्र राहिले. हा फरक का पडला?

२१/ कारण सरकारी कागदांचे बळ सारखे नसते. अधिनियम विधिमंडळ किंवा संसद करते आणि तो त्यांनाच बदलता येतो. अधिसूचना अधिनियमाने दिलेल्या अधिकारातून निघते. अध्यादेश अल्पायुषी असतो, सभागृह पुन्हा भरल्यावर मंजुरी न मिळाल्यास सहा आठवड्यांत संपतो. शासन निर्णय हा प्रशासनाचा आदेश, प्रशासनच तो फिरवू शकते. मंदिराची अंतरे कायद्यात होती, नदीची धोरणात.

२२/ कायदा नेहमी रक्षणासाठीच येतो, असेही नाही. उल्हासनगरातील ८५५ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिल्यानंतर, २००६ मध्ये त्या शहरापुरता अनधिकृत बांधकामे नियमित करणारा स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे हजारो कुटुंबांच्या डोक्यावरील छपराचा प्रश्न होता. आधी आखलेली रेषा नंतरच्या कागदाने हलवता येते, हा धडाही त्यातच होता.

२३/ नदी अशा कागदांना बांधलेली नसते. जलसंपदा खाते नदीकाठी २५ वर्षांतील पुराची निळी आणि १०० वर्षांतील पुराची लाल रेषा आखते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित : स्मारकाच्या दोन पट्ट्यांसारखीच ही रचना. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. नदीने त्या दिवशी स्वतःची रेषा स्वतः आखली.

२४/ शके ९८२ चा लेख एका अंकाच्या चुकीने दोनशे वर्षे मागे गेला होता. तो दुरुस्त झाला, कारण कोणीतरी तो पुन्हा काळजीपूर्वक वाचला. राजपत्रातील अधिसूचना, विकास आराखड्याचा मसुदा, वारसा उपविधीचा मसुदा यांचेही तसेच आहे. हरकती व सूचनांसाठी ठरावीक दिवस दिलेले असतात. आराखड्याच्या मसुद्यासाठी कायद्याने ती मुदत ३० दिवसांची आहे. या मुदतीत मसुदा वाचून हरकत लिहिणे, हा इतिहासप्रेमाचाच एक भाग आहे. शिलाहारांच्या प्रजेला ती संधी नव्हती. वालधुनीकाठी राहणाऱ्यांना ती आहे.