भामिनी, सिंधू आणि नारायणराव

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि नायिका भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली होती. तरीही बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगपटात गेले, लुगडे नेसले आणि भामिनी होऊन लोकांपुढे उभे राहिले. प्रेक्षकांनी भामिनीला डोक्यावर घेतले.

तेव्हा घरंदाज बायकांनी रंगभूमीवर पाऊल ठेवणे जवळजवळ अशक्यच होते. स्त्रीपार्ट बहुधा पुरुषच करत. पण नाटकाला बायका येत, आणि भामिनीने किंवा ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीने शालू कसा नेसला, अंबाडा कसा घातला, दागिने कोणते ल्याले, हे बारकाईने पाहून जात. मग तीच तऱ्हा लग्नामुंजीत दिसे. परपुरुषाचे कौतुक उघड करण्याची सोय त्यांना नव्हती. भामिनीचे मात्र चारचौघींत मनसोक्त करता येई. या वेडाला नुसती नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या रूपाबद्दल, हौसेबद्दल मोकळेपणी बोलायला त्या बायकांना एक मैत्रीण मिळाली होती.

फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. नाटककार गडकरी ते पाहायला उरले नव्हते. २३ जानेवारीलाच ते गेले होते. गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व त्याची बायको सिंधू. भरजरी वस्त्रांतली नायिका पाहायला सरावलेल्या लोकांपुढे आता जात्यावर दळण दळणारी, दारिद्र्याने पिचलेली गृहिणी होती. दारूच्या धुंदीत नवरा तान्ह्या लेकराचा जीव घेतो आणि मरताना ती त्यालाच पाठीशी घालते. नाट्यगृहे रडली. स्वतःचे मूल गमावलेला बाप त्या आईचे दुःख प्रयोगामागून प्रयोग गात होता.

त्या रडण्यात खोटेपणा नव्हता. मात्र लोकांचा सिंधूवरचा जीव नारायणरावांपर्यंत पुरला नाही. बोलपट आले, त्यांची नाटक कंपनी कर्जात रुतली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण पुरुषवेषातल्या बालगंधर्वांशी लोकांचे सूर जुळले नाहीत. मग पुन्हा लुगडे, पुन्हा नायिका, वय उलटले तरी.

त्याहून कठोर वागणूक गायिका गोहरबाई कर्नाटकींच्या वाट्याला आली. नारायणरावांनी त्यांच्याशी संसार मांडला, तेव्हा रुक्मिणीवर आणि सिंधूवर जीव टाकणाऱ्या अनेकांना ते सोसले नाही. बोल बहुतेक गोहरबाईंनाच लावला गेला. वास्तविक त्याही गंधर्वगायकीच्या वेडानेच इथवर आलेल्या, त्यांच्याच ढंगाने गाणाऱ्या. पाय निकामी झालेल्या, थकलेल्या नारायणरावांची सेवा त्यांनी केली.