चेहऱ्यावरचं पहिलं गोंदण

नागालँडच्या मोन जिल्ह्यात पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. म्यानमार सीमेवरच्या लोंगवा गावात चुलीजवळ बसलेल्या एका कोन्याक आजोबांच्या गोंदलेल्या चेहऱ्याकडे मी बघतच राहिलो.

माझं पहिलं गोंदण जत्रेतलं. शाळकरी वयात मशीनवाल्याकडून मनगटावर नाव काढून घेतलं, आईची बोलणी खाल्ली, विषय संपला. कोन्याक पुरुषाला चेहऱ्यावरचं गोंदण असं हौसेनं मिळत नसे. लढाईत शत्रूचं मुंडकं आणणाऱ्याचा तो मान. वेताच्या काट्यांनी कातडी टोचून काळा रंग भरत. हे काम बायकांचं, विशेषतः आंगच्या, म्हणजे गावच्या राजाच्या, राणीचं. इंग्रजांनी मुंडकी कापण्यावर बंदी घातली, पुढं ख्रिस्ती धर्म पसरला. १९६०च्या दशकानंतर ती प्रथा संपली आणि तिच्याबरोबर हे गोंदणही.

आजोबा आता दर रविवारी चर्चला जातात. आम्ही फौजी पदकं उतरवून पेटीत ठेवतो. त्यांना ती सोय नाही. मुंडकं कुणाचं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

त्यांनीच माझ्या मनगटाकडे बोट दाखवून नातवाकरवी विचारलं, "हे कशाबद्दल?"

"काही नाही आजोबा, नुसतं नाव आहे."