सिकंदराबादचे ९२ कामगार

सिकंदराबादच्या कवाडीगुडा भागात १९४३ साली ‘प्रागा टूल्स कॉर्पोरेशन’ हा कारखाना उभा राहिला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते व परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त झाले होते. अशा वेळी यंत्रे घडविणारी यंत्रे, म्हणजेच मशीन टूल्स, निजामी संस्थानात तयार व्हावीत ही कल्पना दूरदृष्टीची होती.

परंतु हा धंदा मोठा नाजूक असतो. कापडगिरणीचा मालक नवे यंत्र घेतो तो पुढील काही वर्षे माल खपेल असा भरवसा वाटला तरच. तो भरवसा डळमळला तर कापडाचा खप थोडासाच उतरतो; नव्या यंत्राची मागणी मात्र एकदम थांबते, कारण जुने यंत्र आणखी दोन वर्षे रेटता येते. त्यामुळे आर्थिक अनिश्चिततेचा पहिला तडाखा यंत्रे बनविणाऱ्यास बसतो आणि पाठोपाठ त्याच्या कामगारास बसतो.

या कामगाराच्या पाठीशी कायदा होता. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली. एक वर्ष अखंड नोकरी केलेल्या माणसास कमी करावयाचे, तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे मालकावर बंधनकारक झाले. शेवटी लागलेल्यास आधी कमी करावे, हा सर्वसाधारण नियमही ठरला.

प्रागा टूल्समध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. कंपनीत केंद्र व राज्य सरकारांचे मिळून बहुतांश भागभांडवल होते. कामगारांच्या संघटना दोन होत्या. १९६१ साली त्यांपैकी एकीशी कंपनीने समझोता केला होता. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये त्याच संघटनेशी नवा करार झाला व त्यान्वये १ जानेवारी १९६४ पासून ९२ कामगारांना कमी करण्याची मुभा कंपनीस मिळाली. काही कामगारांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे करार बेकायदा असल्याचा निर्वाळा मिळाला. पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कंपनी सरकारी भांडवलाची असली तरी ती कायद्याने निर्मिलेली संस्था नव्हे. सबब अशा अर्जावर तिला हुकूम देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कपात न्याय्य होती की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

हा खटला चालू असताना देशावर संकटे कोसळली. १९६५ व १९६६ साली लागोपाठ अवर्षण पडले, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे लांबणीवर पडली. सरकारी खर्च आखडला व यंत्रोद्योगास मंदीने ग्रासले.

१९७६ साली कायद्याने आणखी पाऊल पुढे टाकले. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यास कपातीपूर्वी सरकारची परवानगी आवश्यक ठरली. १९८२ च्या दुरुस्तीने, जी १९८४ पासून लागू झाली, ही मर्यादा शंभरावर आली.

येथे कारखानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. जे पाऊल मागे घेता येत नाही, ते उचलण्यापूर्वी माणूस थांबतो. उद्याची खात्री असेल तर नोकरीच्या शाश्वतीचे ओझे तो सहज वाहतो. उद्या धूसर असेल तर तेच ओझे त्याला पेलेनासे वाटते. मग तो विस्तार लांबणीवर टाकतो, किंवा माणसाऐवजी यंत्र घेतो, किंवा कंत्राटी कामगार लावतो. टिमथी बेस्ली व रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ ते १९९२ या काळातील भारतीय राज्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. ज्या राज्यांनी कायदा कामगारांच्या बाजूने झुकविला, तेथे नोंदणीकृत कारखान्यांतील गुंतवणूक व रोजगार मागे पडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. महाराष्ट्र त्यांनी कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत धरला होता, तर आंध्र प्रदेश मालकांकडे झुकलेल्यांत. राज्यांची ही वर्गवारीच सदोष आहे, असा आक्षेप पुढे आदित्य भट्टाचार्जी यांनी घेतला. वाद मिटलेला नाही.

प्रागा टूल्सचा इतिहास तर एकट्या कायद्याला दोषी धरू देत नाही. ही कपात १९६४ ची; सरकारी परवानगीची अट त्यानंतर बारा वर्षांनी आली. पुढे १९८८ साली हा कारखाना एच. एम. टी. ची दुय्यम कंपनी झाला. औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली.

कायदा अनिश्चितता नाहीशी करू शकत नाही. तिचा भार कोणी किती वाहावयाचा, एवढेच तो ठरवितो. भांडवलाला दिवस पालटण्याची वाट पाहता येते. त्या ९२ जणांच्या घरच्या चुलीला ती पाहता येत नव्हती. आणि जो कारखाना भीतीपोटी उभाच राहिला नाही, त्यात लागू शकला असता असा तरुण कोणत्याच न्यायालयात दाद मागू शकत नाही. कायदा करणाऱ्यांनी या दोघांकडेही पाहावयास हवे.