एका नाइस शब्दाची कुळकथा

इंग्रजीतला 'नाइस' हा मोठा मनमिळाऊ शब्द. हवा नाइस, चहा नाइस, साडी नाइस! परवा एका मंगल कार्यालयात जिलबी, सनई आणि मुलीचे सासरे या तिघांनाही तो एकाच दमात बहाल झालेला ऐकला, आणि या गृहस्थांचे घराणे तपासायचे ठरवले.

घराणे फारसे सांगण्यासारखे निघाले नाही. लॅटिनमधला 'नेस्कियस' म्हणजे अडाणी, ज्याला काही कळत नाही असा. तिथून फ्रेंचांच्या वाटेने इ. स. १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तो 'मूर्ख' हा अर्थ घेऊन! पुढे तो चोखंदळ झाला, मग काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात 'छान' होऊन बसला.

'सिली'चे नशीब नेमके उलटे. जुन्या इंग्रजीत तो सुखी, पुण्यवान असा होता. पुण्यवानाचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा आणि बिचाऱ्याचा बावळट. भोळ्या माणसाला जग काय समजते, याचा इतका प्रामाणिक दाखला दुसरा नसेल.

आपण हसू नये. मनुस्मृतीत 'साहस' हे गुन्ह्यांच्या यादीत आहे. आज आपण त्याचे सत्कार करतो. आणि 'शहाणा' म्हणजे काय, ते म्हणणाऱ्याच्या सुरावर ठरते!

१८१७ च्या अखेरीस, जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, तिची 'नॉर्दँगर ॲबी' प्रसिद्ध झाली. तिच्यातला हेन्री टिल्नी नायिकेला या 'नाइस'वरून छेडतो. मुळात हा शब्द नेटकेपणासाठी असावा, आता कशालाही लावतात, अशी त्याची तक्रार. बिचाऱ्याला खरे मूळ कुठे ठाऊक! म्हणजे या बाबतीत तोही जुन्या अर्थाने नाइसच.

अर्थ बदलतात, त्याचे मला दुःख नाही. शब्दकोशवाले मागून धावतातच. पण एक शब्द सगळ्यांची कामे करू लागला, की बाकीचे घरी बसतात. थालीपिठाला 'खमंग', अक्षराला 'वळणदार', गळ्याला 'सुरेल', सुनेला 'लाघवी' म्हणायचे, तर आधी थालीपीठ नीट चाखावे लागते, सुनेकडे नीट पाहावे लागते. 'नाइस' म्हणायला पाहावेही लागत नाही. वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणता येते.

आमच्या घरी हल्ली मी 'खमंग' म्हणतो. वाटीत लोण्याचा गोळा थोडा मोठा पडतो, हा माझा अनुभव आहे.