सांधा शाबूत, लोखंड तुटलं

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खिडक्या-दरवाजे करणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं. शाळेतून येताना आम्ही ठिणग्या बघत उभे राहायचो आणि ते काळ्या काचेआडून ओरडायचे, ‘डोळे जातील, पळा!’ एकदा त्यांनी करून दिलेलं मोठं फाटक मोडलं. मालकाच्या वतीने तपासायला आलेल्या माणसाने उभ्या उभ्या निकाल दिला, वेल्डिंग कच्चं आहे. चाचांनी तुटलेली जागा त्याच्यापुढे धरली. म्हणाले, ‘सांधा शाबूत आहे, साहेब. तुटलंय ते शेजारचं लोखंड.’ साहेबांनी ऐकलं नाही. चाचांना अर्धेच पैसे मिळाले.

पुढे जहाजांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हेच भांडण मला समुद्राएवढं मोठं होऊन भेटलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या दोस्त राष्ट्रांची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. बुडतात त्याहून जास्त वेगाने नवी बांधायची, असं अमेरिकेने ठरवलं. ‘लिबर्टी’ जातीची २,७१० जहाजं त्यातून तयार झाली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज तर बांधायला घेतल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. ही किमया वेल्डिंगची होती. पूर्वी पोलादी पत्रे एकमेकांवर ठेवून, भोकं पाडून, तापवलेले रिव्हेट ठोकावे लागत. आता पत्र्याला पत्रा थेट जोडला जाऊ लागला. हे काम करायला कालपर्यंत गोदीचं तोंडही न पाहिलेली माणसं आली. त्यांत बायाही मोठ्या संख्येने होत्या.

मग १६ जानेवारी १९४३ उजाडला. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड इथे ‘स्केनेक्टडी’ नावाचं कोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. वादळ नव्हतं, शत्रू नव्हता, होती फक्त थंडी. अचानक मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगलं.

दोष कोणाचा? अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालाने बोट ठेवलं वेल्डिंगवर. पण जहाजांच्या धंद्यात आणखी एक डोळा असतो. तो ना बांधणाऱ्याचा, ना मालकाचा. जहाज नियमांनुसार बांधलंय का, हे पाहणाऱ्या त्रयस्थ संस्था असतात. अमेरिकेत हे काम १८६२ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग’ करते. या ब्युरोला दोष दिसला तो पोलादाच्या ठिसूळपणात. त्याच वर्षी सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या चौकशी समितीपुढे पिट्सबर्गजवळच्या एका पोलाद कारखान्यातल्या चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात असल्याच्या साक्षी झाल्या. आता भांडण चांगलंच पेटलं. पोलादवाले वेल्डरकडे बोट दाखवत होते आणि गोदीवाले पोलादाकडे.

वेल्डर अगदी निर्दोष होते, असंही नाही. घाईपायी सांध्यातली फट भरायला काही ठिकाणी वेल्डिंगचे रॉडच आत कोंबून वरून नुसता मुलामा दिला जाई. असा सांधा बाहेरून गुळगुळीत आणि आतून पोकळ. वरवर पाहणाऱ्या तपासनिसाला तो फसवू शकत असे.

तरीही प्रश्न उरत होता. ज्या पोलादाच्या चाचण्या खऱ्या होत्या आणि ज्यांचे सांधे चांगले होते, ती जहाजं का फुटत होती? नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘जॉन पी. गेन्स’ हे जहाज अलास्काकडच्या थंड समुद्रात तुटलं आणि दहा माणसं गेली.

उत्तराचा मोठा भाग केंब्रिजमध्ये सापडला. कॉन्स्टन्स टिपर नावाच्या धातुशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं, की ते पोलाद उबेत वाकतं, पण ठरावीक तापमानाखाली गेलं की काचेसारखं तडकतं. रिव्हेटच्या जहाजांचं पोलादही तेच होतं. मात्र तिथे तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्डिंगने अख्खं जहाज एकसंध झालं आणि तड्याला वाट मोकळी मिळाली. त्यात मालाच्या तोंडांचे कोपरे चौकोनी. सगळा ताण तिथे गोळा व्हायचा आणि तडा तिथूनच निघायचा.

म्हणजे वेल्डिंग कच्चं की पोलाद खोटं, हा वादच अपुरा होता. पोलाद खेचून त्याची ताकद मोजली जात होती. पण खाच पडलेलं पोलाद थंडीत कसं वागेल, हे त्या वेळचे नियम विचारतच नव्हते. तपासनीस प्रामाणिक असूनही चुकू शकत होता, कारण त्याच्या हातातल्या कागदावर तो रकानाच नव्हता.

पुढे कोपरे गोल केले गेले आणि जहाजांवर मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवल्या गेल्या, तडा अडवायला! ज्यांना जुनाट म्हणून हाकललं, त्यांनाच पहाऱ्याला परत बोलावलं. युद्धानंतर पोलादाचे नियमही बदलले. टिपरबाई १९९५ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून जगल्या.

आज चाचा नाहीत. सांधा कधी कच्चा असतोही, हे मी नाकारत नाही. पण मोडलेल्या वस्तूपुढे आपण आधी कारागिराचा हात धरतो, कारण तो समोर असतो. लोखंड कुठून आलं, आराखडा कोणी काढला, घाई कोणाला होती, हे लांबचे प्रश्न. त्या दिवशी साहेबांनी तुटलेली कड हातात घेऊन नुसती उजेडाकडे धरली असती, तरी चाचांच्या घरात पूर्ण मजुरी गेली असती.