विद्युत् तारकाम, घरगुती : मुंबई उपनगरांतील सुरक्षा-नियमांचा इतिहास

मीटरपासून दिवे, पंखे व इतर उपकरणांपर्यंत वीज नेण्यासाठी केलेल्या तारांच्या, स्विचांच्या व संरक्षक साधनांच्या मांडणीस घरगुती तारकाम म्हणतात. त्यासंबंधीचे सुरक्षा-नियम केंद्रीय असले, तरी ते घरात कोणत्या रूपाने उतरावेत, हे बव्हंशी काम करणाऱ्या तारतंत्र्याने त्यांचा जो अर्थ लावला त्यावर ठरत आले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. चाळी, बैठी घरे, सहकारी गृहसंस्थांच्या तीन-चार मजली इमारती व उंच मनोरे तेथे एकमेकांलगत उभे असून त्यांच्या भिंतींत निरनिराळ्या काळांतील तारकाम टिकून आहे.

मुंबई बेटावरील वीजपुरवठा ‘बेस्ट’कडे, तर उपनगरांतील पुरवठा वेगळ्या संस्थांकडे राहिला. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या कंपनीने पश्चिम उपनगरे व पूर्वेकडील घाटकोपरपर्यंतचा मोठा भाग सांभाळला. हाच व्यवसाय पुढे रिलायन्सकडे व २०१८ पासून अदानी समूहाकडे आला. भांडुप-मुलुंड भागात महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ (स्थापना १९६०) व २००५ मधील त्याच्या विभाजनानंतर महावितरण कंपनी पुरवठा करू लागली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये उपनगरांवर वाढली, तरी वीजपुरवठ्याच्या सीमा तिच्याबरोबर सरकल्या नाहीत. घाटकोपर व मुलुंड या दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या कारागिरास नियम एकच, पण कार्यालये, अर्ज व तपासनीस वेगळे, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

भारतीय विद्युत् अधिनियम, १९१० याखाली १९५६ मध्ये तयार झालेली भारतीय विद्युत् नियमावली हा या विषयाचा सु. पाच दशकांचा मूलाधार होय. तिच्यातील नियम ४५ नुसार तारकाम राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराने, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक तारतंत्र्याकडून करवून घ्यावे लागे. नियम ४८ अन्वये पुरवठादाराने जोडणीपूर्वी विद्युत् गळतीची चाचणी पाहावयाची असे. तारांच्या निरोधनास ५०० व्होल्ट दाब एक मिनिट लावून रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे, ही तिची परिचित कसोटी. या चाचणीचा अहवाल ‘टेस्ट रिपोर्ट’ या नावानेच लोकव्यवहारात रूढ झाला. मेगर हे मापनयंत्र प्रत्यक्ष न लावता केवळ अहवालावर सही मिळविण्याची प्रथाही त्याबरोबर वाढली. नियमाचा हेतू तारेची परीक्षा हा होता. व्यवहारात कागदाची परीक्षा होऊ लागली.

नियम ४५ मधील एका अपवादाचे परिणाम मात्र फार दूरवर पोहोचले. दिवे, पंखे, वितळतारा (फ्यूज), स्विच व घरगुती उपकरणे बदलण्याचे काम त्या मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर त्यास परवान्याचे बंधन नव्हते. ‘क्षमता वा स्वरूप’ या दोन शब्दांचा अर्थ कोणी व कसा लावावयाचा, हा उपनगरांतील प्रत्येक दुरुस्तीमागचा प्रश्न होता. पाच अँपिअरची खोबण काढून तेथे पंधरा अँपिअरची बसविणे, हे दिसावयास केवळ खोबण बदलणे असते. परंतु २ किवॉ.चा पाणी तापविण्याचा बंब २३० व्होल्ट दाबावर सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेतो, आणि भिंतीतील तार जर दिव्या-पंख्यासाठी घातलेली असेल, तर ती तापते, निरोधन ठिसूळ होते व काही वर्षांनी ठिणगी पडते. नियमाच्या भाषेत ही क्षमता बदलणेच होय. कोपऱ्यावरील विजेच्या दुकानातून बोलाविलेला कारागीर मात्र हे किरकोळ काम मानी, आणि वीस मिनिटांच्या कामासाठी ठेकेदार व पर्यवेक्षक आणण्याची रहिवाशाचीही तयारी नसे. वारंवार जळणाऱ्या वितळतारेच्या जागी जाड तार गुंडाळणे हा याच अर्थनिर्णयाचा पुढचा टप्पा होता. त्यामुळे तारेचे संरक्षण करणारे एकमेव साधन निकामी होई.

नियम ३२ चे आकलन याहून अवघड गेले. जुन्या लाकडी फलकांवर फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांत वितळतार बसविलेली आढळे. दोन वितळतारा म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा समज त्यामागे होता. नियमाने भूसंपर्कित न्यूट्रलमध्ये वितळतार किंवा स्वतंत्र स्विच घालण्यास मनाई केली. न्यूट्रलमधील वितळतार आधी जळल्यास दिवा विझतो, पण फेजचा दाब उपकरणापर्यंत कायम असतो, आणि वीज गेली असे समजून हात घालणारा मनुष्य धक्क्यास बळी पडतो, हे त्याचे कारण होय. नवीन जोडण्यांत ही सुधारणा झाली. जुने फलक मात्र कोणी हात लावीपर्यंत तसेच राहिले. घरगुती मांडणीची दर पाच वर्षांच्या आत तपासणी करावी, असे नियम ४६ सांगत असला, तरी घरोघरी त्याची अंमलबजावणी क्वचितच दिसली.

भूसंपर्कनाच्या बाबतीत इमारतीतील लोखंडी जलवाहिनीस तार गुंडाळण्याची पद्धत पुष्कळ काळ चालली. गंजलेले नळ जाऊन प्लॅस्टिकचे नळ आले, तेव्हा ही वाट न कळत तुटली. तीन छिद्रांची खोबण भिंतीवर दिसत राहिली. तिसऱ्या छिद्रामागे काहीच उरले नाही. तांब्याच्या टंचाईच्या काळात वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांचाही येथे उल्लेख करावयास हवा. स्क्रूच्या दाबाखाली हा धातू सरकतो, त्यावर ऑक्साइडाचा थर येतो व सांधे सैल होऊन तापतात.

विद्युत् गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या साधनाची सक्ती १९५६ च्या नियमावलीत नंतर घातलेल्या नियम ६१-अ ने आली. पण २५० व्होल्टपर्यंतच्या व ५ किवॉ.हून कमी भाराच्या जोडण्या तीतून वगळल्या होत्या. हा भार कंपनीने मंजूर केलेला धरावयाचा की घरातील उपकरणांची बेरीज करून, यावर कारागिराचा सल्ला बदले. कोणताही अर्थ घेतला, तरी एका खोलीतील बिऱ्हाड या मर्यादेखालीच राही. ओल्या भिंती, सामाईक मोऱ्या व जुन्या तारा यांमुळे जेथे धोका अधिक, तीच घरे नियमाबाहेर पडली, हा या नियमाचा मोठा दोष म्हटला पाहिजे.

विद्युत् अधिनियम, २००३ ने १९१० चा कायदा रद्द केला. मात्र नवे सुरक्षा-विनियम होईपर्यंत १९५६ ची नियमावली चालू ठेवली. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये आले व क्रमांक बदलले, तरी कारागिरांच्या बोलण्यात जुने नियम-क्रमांक टिकून राहिले. पुढील दुरुस्तीने ५ किवॉ.ची मर्यादा २ किवॉ.वर आणली व घरगुती जोडण्यांसाठी साधन तुटण्याची गळती-मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरविली. २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली.

हे साधन फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करते व तफावत दिसताच पुरवठा तोडते. जुन्या इमारतीत ते बसविताच पुन:पुन्हा तुटू लागते. कारण मागे कोणीतरी दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, किंवा एखादा दिवा जिन्यातील तारेवरून न्यूट्रल उसना घेत असतो. साधनाने जुना दोष उघड केलेला असतो. रहिवाशास मात्र साधनच सदोष वाटते. अशा वेळी कुशल तारतंत्री मंडले एकेक सोडवून दोष शोधतो. या कामास एक-दोन दिवस लागतात, व त्याची मजुरी देण्यास घरमालक व भाडेकरू दोघेही सहसा उत्सुक नसतात. मग साधन वगळून तार थेट जोडली जाते.

तारांच्या रंगांबाबतही असाच पेच आहे. इमारतीतील पक्क्या तारकामात फेजसाठी लाल, पिवळा व निळा, न्यूट्रलसाठी काळा आणि भूसंपर्कनासाठी हिरवा रंग रूढ आहे. उपकरणांच्या लवचिक दोरीत मात्र तपकिरी तार फेजची व निळी न्यूट्रलची असते. म्हणजे भिंतीतून आलेली निळी तार जिवंत असू शकते आणि तिच्याशेजारी लोंबणारी उपकरणाची निळी तार न्यूट्रलची. दोन्ही सारख्या दिसतात म्हणून जोडण्यापूर्वी परीक्षक-दिव्याने फेज कोणती हे पाहावे लागते.