रियाजाचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याची हयात जिनिंगच्या फाटकावर आणि कामगार-अधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या बाकावर गेली, त्याने गिटारीच्या ध्वनिवर्धकावर काय बोलावे? मला स्वरज्ञान नाही. शाळाही फार झाली नाही. जे काही वाचले ते संघटनेच्या कामातून उरलेल्या वेळात, बहुतेक एस.टी.च्या खिडकीशी बसून. परंतु हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तो तंटा होऊन माझ्या दारात आला.

धामणगाव बढे येथे दोन घरे आहेत. मध्ये भिंत एकच, वर टिनपत्रे. एका घरातला तरुण पहाटे दुधाच्या गाडीवर कामाला जातो आणि दुपारी मोकळा होतो. त्याला गिटारीचा नाद. मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राचा शंभर वॅटचा जुना ॲम्प्लिफायर त्याने पै-पै साठवून घेतला होता. दुसऱ्या घरातला गृहस्थ हंगामात जिनिंगच्या रातपाळीला असतो आणि सकाळी घरी येऊन दुपारपर्यंत झोपतो. पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. आधी भिंतीवर थापा, मग शिव्या, मग अंगणात काठी. लोक मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही मालकांशी बोलता, आता यांच्याशी बोला."

खरे सांगतो, मी अडचणीत पडलो. आजवरच्या माझ्या प्रत्येक भांडणात समोर मालक होता. येथे दोन्ही बाजूंना कामगार होता, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही दिवसाची वाटणी रॉबर्ट ओवेन याने १८१७ साली मांडली. तिच्यासाठी १८८६ साली शिकागोत रक्त सांडले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या कामाची मर्यादा ४८ तासांची होती. आम्ही कामगार-चळवळीतले लोक या तासांविषयी पुष्कळ बोललो; पण विश्रांतीचे आठ तास आणि स्वतःसाठीचे आठ तास एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आले तर काय करावे, याचा विचार आम्ही केला नाही. तो या दोघांनी मला करायला लावला.

कायद्याकडे पाहावे म्हटले, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ही घड्याळाची रात्र झाली. रातपाळीच्या माणसाची रात्र सकाळी नऊला सुरू होते, आणि तिला कायद्यात नाव नाही. शिवाय हा माणूस ज्या यंत्रांच्या गोंगाटातून येतो, त्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदलेला होता. त्याला शांतता हवी असणे हा काही लाड नव्हे.

मग मी त्या यंत्राच्या इतिहासाकडे वळलो. एवढा मोठा आवाज मुळात कोणाला आणि कशासाठी हवा होता?

माणसाने हजारो वर्षे आवाज मोठा करण्याचीच धडपड केली आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हा वक्त्याजवळ फक्त त्याचा गळा होता. आपल्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांची खंजिरी, मुंबईत १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकातले अमर शेखांचे पहाडी गळे आणि अण्णाभाऊंचे शब्द. मोठ्या सभेच्या टोकापर्यंत पोचणे हीच त्या काळची कसोटी होती.

गिटारीचे दुखणे हेच होते. ते मुळात बैठकीचे, मंद आवाजाचे वाद्य. अमेरिकेत नाचाच्या मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे ते ऐकूच जाईना. तेव्हा जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१ च्या सुमारास पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसवले. तार हलली की वेटोळ्यात बारीकसा वीजप्रवाह उत्पन्न होतो. तो व्हॉल्व्हने वाढवायचा आणि कर्ण्याला द्यायचा. व्हॉल्व्हची विद्या ली डी फॉरेस्टच्या १९०६ सालच्या शोधातून आली होती, आणि रेडिओमुळे ती गल्लीतल्या दुरुस्ती-दुकानापर्यंत पोचली होती.

यापुढची कहाणी मला विशेष प्रिय आहे, कारण ती कारागिरांची आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तरीही त्याचे ॲम्प्लिफायर जगभर गेले. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा गृहस्थ वाद्यांचे दुकान चालवीत असे. त्याच्या माणसांनी फेंडरचाच एक नमुना पुढे ठेवून १९६२ साली आपला ॲम्प्लिफायर उभा केला, आणि तीन-चार वर्षांत गिऱ्हाइकांच्या मागणीवरून शंभर वॅटपर्यंत मजल मारली.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीपलीकडे ताणले की आवाज फाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. पण वादकांच्या कानाला त्या फाटलेल्या आवाजाची गोडी लागली, आणि तोच गिटारीचा खरा सूर ठरला. मात्र तो सूर हवा तर यंत्र पुरते पिळावे लागे, आणि पिळले की आळी जागी होई. शेजाऱ्याशी भांडण हे असे त्या यंत्राच्या पोटातच जन्मले.

आपली बाजापेटी आठवा. पॅरिसच्या देबाँने १८४२ साली तिचे पेटंट घेतले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला भारतीय बैठकीजोगी हाताच्या भात्याची केली, आणि संगीत नाटकाने ती महाराष्ट्रात घरोघर नेली. १९४० साली आकाशवाणीने तिला दारे बंद केली, तरी घरातून ती गेली नाही. का गेली नाही? एक कारण असे की, भात्यावरचा हात हलका केला की आवाज खाली येतो आणि सूर बिघडत नाही. रात्री मूल झोपले असले तरी बाप पेटी वाजवू शकतो. विजेच्या गिटारीला हा हलका हात नव्हता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्ये रुजवली, ब्रिजभूषण काबरांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त गिटारीवर राग वाजवून दाखवले. तालुक्या-तालुक्यांत ऑर्केस्ट्रा निघाले. पण ते सारे मंडपाचे आणि स्टुडिओचे. घरातल्या रियाजाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला तो उलट दिशेने. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि यंत्रे लहान होऊ लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगलोरच्या राज नारायण यांनी विजेवरचा तानपुरा केला, आणि एकट्याने रियाज करणाऱ्याला साथीदार मिळाला. १९८२ साली टॉम शोल्झ या अभियंता-वादकाने कमरेला लावायचा, हेडफोनवर ऐकायचा गिटार-ॲम्प्लिफायर काढला. पुढे १९९६ साली लाइन सिक्स या कंपनीने एक नवीच युक्ती बाजारात आणली. गिटारीचा आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत उतरवायचा, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने त्या आवाजाचे जे केले असते ते गणिताने करायचे. यालाच 'मॉडेलिंग' म्हणतात. दोन वर्षांनी त्याच कंपनीने घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची लाल पेटी आणली. फाटलेला सूर आता कुजबुजीएवढ्या आवाजातही निघू लागला. साठ वर्षे मोठ्या आवाजामागे धावलेली ही विद्या शेवटी लहान आवाजाकडे परत आली, ती मला वाटते घरात राहणाऱ्या माणसामुळे.

आता तरुण मंडळींसाठी निवडीविषयी थोडे. हे मी दुकानदारांना विचारून, पुस्तके वाचून आणि त्या तरुणाबरोबर चार पेट्या ऐकून सांगतो आहे.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. शक्ती दहापट कमी केली की कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो. म्हणजे शंभर वॅटच्या जागी दहा वॅट घेतले तर आवाज निम्मा, आणि एक वॅट घेतला तरी चौथाई उरतोच. मोठा बारा इंची गिटार-स्पीकर एका वॅटवर एका मीटरला ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास जातो. कायद्याची दिवसाची मर्यादा ५५ आहे, हे लक्षात घ्या.

दुकानात पेटी मोठ्याने ऐकू नका. घरी जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्यातच ऐका. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज बारीक झाला की कानाला खर्जाचे स्वर आधी कमी पडतात. म्हणून पुष्कळ पेट्या हळू वाजवल्या की पत्र्यासारख्या वाटतात. जी हळू आवाजातही भरीव लागते, ती खरी घरची पेटी.

हेडफोनची जागा आहे ना, ते पाहा, आणि हेडफोन तारेचाच घ्या. ब्लूटूथच्या हेडफोनात आवाज क्षणभर मागे राहतो आणि हात चुकतो. हेडफोन आहे म्हणून कानाशी खेळू नका. कान पुन्हा विकत मिळत नाहीत.

शेकडो सुरांच्या यादीचा मोह धरू नका. चार-पाच चांगले सूर पुरे. मुख्य खुंट्या पेटीवर असाव्यात. सारी मदार मोबाइलवर असेल, तर उद्या ते ॲप बंद पडले की पेटी अर्धी मुकी होईल. आपल्याकडे वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारी मिळाली तर उत्तम. आणि दुरुस्ती कुठे होईल, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारा.

असो. त्या तरुणाने मोठा ॲम्प्लिफायर विकला आणि मुठीएवढ्या दोन स्पीकरांची एक छोटी पेटी घेतली. मी दोघांना समोरासमोर बसवून, कंपनीशी करतो तसा, लेखी करार केला: दुपारी फक्त हेडफोन, संध्याकाळी पाच ते आठ स्पीकर, शेजाऱ्याने भिंतीवर थाप मारायची नाही, दाराशी येऊन सांगायचे. सह्या झाल्या तेव्हा दोघेही घुश्शातच होते. हंगाम संपला, जिनिंग बंद पडली, आणि शेजारी गृहस्थ घरी बसला. एके दुपारी तोच दाराशी आला. तरुणाने कराराचा कागद काढायला सुरुवात केली. गृहस्थ म्हणाला, "ते राहू दे. कानातलं काढ आणि जरा मोठ्यानं लाव. रोज तुझी बोटं हलताना दिसतात, वाजतं काय ते कधी कळलंच नाही."

मी गावी गेलो की अजूनही त्या भिंतीपाशी थांबतो. कधी काहीच ऐकू येत नाही, आणि आत कोणीतरी वाजवीत आहे व पलीकडे कोणीतरी झोपले आहे, एवढे मला पुरते.